माकडताप: सह्याद्रीतला 'नवा' आजार खरोखर नवा आहे का?

रानवाट

नव्याने उद्भवणाऱ्या साथीच्या आजारांविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा उदाहरणे बहुधा दूरची असतात. कोणी इबोलाचे नाव घेते, कोणी सार्सचे. माझ्या मते या विषयावर विचार करण्यासाठी क्यासनूर जंगलाच्या तापाइतके चांगले उदाहरण नाही, कारण त्याचा शोध लागला शेजारच्या कर्नाटकात, त्यावरचे मूळ संशोधन झाले पुण्यातून आणि गेल्या दशकात तो गोवा व सिंधुदुर्गात पोचला. सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात. धागा काढण्यामागे माझा एक निश्चित प्रश्न आहे. एखादा आजार 'नव्याने उद्भवला' असे शास्त्रज्ञ म्हणतात, तेव्हा तो त्या जागी नव्याने आलेला असतो, की तेथेच असून आपल्याला पहिल्यांदा दिसलेला असतो?

प्रथम हकिकत सांगतो. १९५७ च्या मार्चमध्ये शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागल्याची बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात पोचली. आसपासच्या गावांतली माणसेही त्याच सुमारास तीव्र तापाने आजारी पडत होती. हे केंद्र भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये सुरू केले होते; आज आपण ज्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो ती संस्था हीच. केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड ट्रॅपिडो यांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची (यलो फीव्हरची). अमेरिका खंडातील जंगलांत माकडे पटापट मरू लागली की पीतज्वर जवळ आला असे समजले जाते. भारतात पीतज्वर कधीच नव्हता, परंतु तो पसरवणारा एडिस डास मात्र गावोगाव होता आणि लोकसंख्येत कोणाच्याही अंगी त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. त्यामुळे ही शंका खरी ठरली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

शंका खोटी ठरली. माकडांपासून आणि रुग्णांपासून मिळालेला विषाणू पीतज्वराच्याच व्यापक कुळातला असला तरी त्याचे जवळचे नाते निघाले रशियाच्या थंड अरण्यांतील मेंदूज्वराच्या विषाणूंशी, आणि हे विषाणू डासांमुळे नव्हे तर गोचिडींमुळे पसरतात. संशोधकांनी डासांवरचे लक्ष काढून जंगलातला पालापाचोळा चाळायला घेतला. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड मुख्य वाहक असल्याचे पुढे सिद्ध झाले.

मग सायबेरियाच्या विषाणूचा भाऊबंद मलनाडच्या, म्हणजे शिमोग्याकडच्या डोंगराळ भागाच्या, जंगलात आला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तो आला असावा असा एक तर्क होता. तो तपासण्याच्या निमित्ताने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पुढे त्याला अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी मिळाल्यामुळे १९७० च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत वाद गेला आणि जैविक युद्धाच्या संशयाने वातावरण गढूळ झाले. पक्ष्यांनीच विषाणू आणला असा पुरावा काही हाती लागला नाही. भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी आपल्याला जे कळले त्यातला बराच भाग मात्र एका तापाच्या शोधातून आला आहे, आणि मला हे फार गमतीचे वाटते.

त्यानंतर कित्येक दशके हा आजार शिमोगा आणि त्याच्या लगतच्या जिल्ह्यांपुरता राहिला, किंवा राहिला असे आपण समजत होतो. २०१२ नंतर चित्र झपाट्याने बदलले. बंदिपूर, निलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गाव आणि २०१६ च्या जानेवारीत आपला दोडामार्ग, अशी त्याची नोंद होत गेली. माझे मत असे आहे की हा आजार या सर्व ठिकाणी आधीपासून असावा आणि तपासण्या वाढल्यामुळे तो दिसू लागला असावा. आपले काय मत आहे?

तिलारीकाठ

रानवाट, धागा वाचून बरे वाटले. आमचे घर दोडामार्ग तालुक्यात आहे आणि २०१६ चा तो हंगाम मी पाहिला आहे. तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. त्याचे कारण शेवटी सांगतो.

आमच्याकडे डिसेंबर उलटला की लोक रानात शिरतात. फेब्रुवारीपासून काजूचे बोंडू गोळा करायचे असतात, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजण्यासाठी, पातेरा (वाळका पाला) गोळा करून शेतात आणायचा असतो, जळणाची लाकडेही पावसाळ्याच्या आत घरात पडायला हवीत. पातेरा गोळा करताना माणूस वाकलेला असतो, हातापायांना पाला घासतो आणि भरलेले ओझे तो डोक्यावर किंवा खांद्यावर घेतो. या पानांतच गोचिडीची पिल्ले असतात, हे आरोग्य खात्याचे लोक येऊन सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. गुरांच्या कानातली टपोरी गोचीड सर्वांना माहीत असते, परंतु तिळाहूनही बारीक असलेले तिचे पिल्लू चावल्याचे कळतसुद्धा नाही.

केर गावात पहिले रुग्ण सापडले त्या वेळी माझे एक काका तापाने आडवे झाले होते. डोके इतके ठणकत होते की त्यांना उजेड सहन होत नव्हता आणि पाठीला व पोटऱ्यांना ते कोणाला हात लावू देत नव्हते. ज्या दवाखान्यात आम्ही त्यांना प्रथम नेले तेथे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) म्हणून उपचार सुरू झाले. यात मी डॉक्टरांना दोष देत नाही, कारण सिंधुदुर्गात तापाचा रुग्ण आला की लेप्टोचीच शंका प्रथम येते. रक्ताचा नमुना बाहेर पाठवला गेला आणि अहवाल हातात पडेपर्यंत काका बरे होऊन घरी आले होते.

माझी असहमती अशी. त्या हंगामात आमच्या भागात मेलेली माकडे लोकांनी पाहिली. इतकी माकडे याआधी प्रत्येक वर्षी मरत असती तर ते आमच्या नजरेतून सुटले असते, हे मला पटत नाही. रानात काहीतरी मेले की त्याचा वास येतो.

कडूकिराईत

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि गोव्याच्या सीमेलगत काही वर्षे काम केले आहे. वर उल्लेख आलाच आहे म्हणून रुग्णाच्या बाजूने थोडे लिहितो.

गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप चढतो, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी होते, उलट्या व जुलाब होतात आणि काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घटतात, त्यामुळे डेंगी समजून चालण्याची चूक सहज होते. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत सुधारतात. परंतु दहा ते वीस टक्के रुग्णांत ताप उतरून काही दिवस बरे गेल्यावर दुसरा झटका येतो आणि त्यात मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात: मान ताठरणे, हात थरथरणे, बरळणे. घरचे लोक 'आता बरा झाला' म्हणून निर्धास्त असतात नेमक्या त्याच काळात हे घडते. मृत्यूचे प्रमाण तीन ते पाच टक्के सांगितले जाते. विषाणूवर थेट औषध नाही. शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळणे एवढेच आपल्या हाती असते. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा आजार होत नाही, हे आवर्जून सांगतो, कारण रुग्णाच्या घराला वाळीत टाकल्यासारखे वागणारे शेजारी मी पाहिले आहेत.

रानवाट यांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की तपासणीची वेळ महत्त्वाची असते. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणूचे जनुकीय अंश पीसीआरने सापडतात. नंतर ते सापडेनासे होतात आणि प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. पुण्याच्या संस्थेने पीसीआर आणि आयजीएम एलायझा (प्रतिपिंडांची चाचणी) या दोन्ही चाचण्या विकसित करून त्याविषयी २०१२ मध्ये लिहिले. त्याआधी निदानासाठी विषाणू उंदराच्या पिल्लांत किंवा पेशींत वाढवावा लागे, आणि हा विषाणू प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाच लागण करण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. पहिल्या पिढीतील कितीतरी कर्मचारी त्याने आजारी पडले. १९७० च्या दशकात हे काम मंदावण्यामागे ते एक मोठे कारण होते. आता पाषाण येथे सर्वोच्च जैवसुरक्षेची, म्हणजे चौथ्या स्तराची, प्रयोगशाळा आहे. त्या चाचण्या आणि ही प्रयोगशाळा उपलब्ध झाल्या त्याच सुमारास आजार चार नव्या राज्यांत 'सापडू' लागला, हा निव्वळ योगायोग आहे असे मी म्हणणार नाही. तेव्हा अर्धे मत रानवाट यांच्या बाजूने.

शंकासूर

माझे दोन प्रश्न आहेत. माकडांमुळे हा आजार पसरतो हे जर स्पष्ट आहे, तर माकडांचा बंदोबस्त का केला जात नाही? शेतीचे नुकसान तर ती करतातच. दुसरे, कर्नाटकात लस होती असे ऐकले होते, तिचे पुढे काय झाले?

पांजरपोळ

शंकासूर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर पशुवैद्यक म्हणून मी देतो. लसीचे कोणीतरी अधिक जाणकार सांगेल.

आजाराचे नाव माकडावरून पडले, यात माकडावर अन्यायच झाला आहे. विषाणू मुख्यतः गोचीड आणि रानातले लहान प्राणी, म्हणजे उंदीर, चिचुंद्री, खार, यांच्यामध्ये फिरत राहतो. माकडाला लागण झाली की त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो, माकड मरते आणि त्याचे शरीर थंड पडल्यावर अंगावरच्या विषाणूग्रस्त गोचिडी खाली उतरून त्या जागेभोवती पसरतात. त्या जागेवरून जाणारा माणूस त्यांच्या तावडीत सापडतो. म्हणून मृत माकड आढळलेल्या ठिकाणाभोवती मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पूड मारतात आणि लोकांना तेथे जाण्यास मनाई करतात. माकडे मारून रानात टाकणे म्हणजे हाच प्रकार आपल्या हाताने करणे होय. मृत माकडाला उघड्या हाताने स्पर्श करणेही धोक्याचे आहे. २०१२ मध्ये बंदिपूर परिसरात आजारी पडलेले लोक मृत माकडांची विल्हेवाट लावण्याच्या कामात होते. आणखी एक, सर्व माकडे नाहीशी झाली तर रानात विषाणू वाढतो आहे हे आपल्याला सांगणारे कोणीच उरणार नाही.

खरा गुंता गुरांचा आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. गाय किंवा म्हैस या विषाणूने सहसा आजारी पडत नाही आणि तिच्या रक्तात विषाणूही पुरेसा वाढत नाही. पण वाढ झालेली मादी गोचीड गुरांच्या रक्तावर टम्म फुगते, खाली पडते आणि हजारो अंडी घालते. म्हणजे गुरे विषाणू वाढवत नाहीत, विषाणूची वाहने वाढवतात. पावसाळ्यानंतर त्या अंड्यांतून निघालेली पिल्ले लहान प्राण्यांवर आणि माकडांवर चढतात, आणि त्यांची पुढची अवस्था, जिला निम्फ म्हणतात, ती नोव्हेंबरपासून मेपर्यंत माणसाला चावते. तिलारीकाठ यांनी सांगितलेला काजूचा आणि भाजावळीचा हंगाम नेमका यात सापडतो.

हे निरीक्षण नवे नाही. होर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने १९६९ मध्येच लिहून ठेवले आहे की जंगल तोडून शेती आणि वस्ती वाढली, मोकळ्या जागी घाणेरीचे रान माजले, त्यात गुरे चरू लागली आणि त्यामुळे गोचिडींना सुगीचे दिवस आले. याच बोशेलने तरुणपणी आपल्या देशात लाकूडतोडे उंच झाड पाडताच शेंड्यावरचे निळे डास खाली माणसांभोवती घोंगावू लागतात हे पाहून जंगलातल्या पीतज्वराचे कोडे सोडवायला मदत केली होती. एकदा झाड पाडताना, एकदा गुरे चरताना. दोन्ही वेळी तो प्रयोगशाळेच्या बाहेर उभा होता.

अनुक्रम

पांजरपोळ यांचा प्रतिसाद उत्तम. लसीविषयी लिहितो आणि मग मूळ प्रश्नाकडे येतो.

सुरुवातीला रशियन मेंदूज्वराची लस वापरून पाहिली गेली, ती निरुपयोगी ठरली. नंतर कोंबडीच्या भ्रूणपेशींत विषाणू वाढवून तो फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस तयार झाली आणि १९९० पासून कर्नाटकात दिली गेली. १९९० ते १९९२ च्या चाचणीत एका मात्रेने ७९.३ टक्के आणि दोन मात्रांनी ९३.५ टक्के संरक्षण मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. पण २००५ ते २०१० या काळातील प्रत्यक्ष वापराच्या अभ्यासात हे आकडे बरेच खाली आले: दोन मात्रांनी ६२.४ टक्के, वर्धक मात्रा घेतल्यास ८२.९ टक्के. शिवाय टोचल्यावर खूप दुखत असे आणि मात्रा वारंवार घ्याव्या लागत, त्यामुळे लोक पहिल्या मात्रेनंतर फिरकत नसत. अखेर २०२२ मध्ये ती लस थांबवण्यात आली. नव्या लसीचे काम भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने चालू आहे. आजार पसरत असताना लस मागे घ्यावी लागली ही नामुष्की आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घसरलेल्या आकड्यांची कारणमीमांसा दहा वर्षे आधी व्हायला हवी होती.

आता मूळ प्रश्न. विषाणूच्या जनुकीय रचनेत ठरावीक गतीने बदल साचत जातात असे गृहीत धरून दोन विषाणूंचा समान पूर्वज केव्हा होता याचा अंदाज बांधता येतो. आपल्या विषाणूचा सर्वांत जवळचा नातलग सौदी अरेबियात १९९५ मध्ये सापडला, त्याला अल्खुर्मा म्हणतात. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी सुमारे पन्नास वर्षांत गोळा झालेल्या ४८ विषाणूंच्या जनुकसंचाचा काही भाग वाचून २००९ मध्ये असा निष्कर्ष काढला की या दोघांची फारकत १९४२ च्या आसपास झाली असावी. म्हणजे विषाणू अक्षरशः नवा! दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, दुसऱ्या गटाने संपूर्ण जनुकसंच वापरून तीच फारकत सुमारे ७०० वर्षांपूर्वीची ठरवली. १९४२ आणि यादवांचा काळ यांच्यात केवढे अंतर आहे, पाहा.

हे विरोधी निष्कर्ष वाचून शास्त्रज्ञांवर हसण्याचे कारण नाही. नमुने कोणत्या काळातले, जनुकसंचाचा कोणता भाग वाचला, बदलाचा वेग किती धरला, यांवर असे गणित हलते. गोचिडीतला विषाणू तर आणखी चकवतो, कारण गोचीड महिनोन्‌महिने न खाता बसून राहते आणि त्या काळात विषाणूही जवळजवळ स्वस्थ असतो. मला दुसरा निष्कर्ष अधिक विश्वासार्ह वाटतो. परंतु विषाणू ७०० वर्षे जुना असला तरी तो ७०० वर्षे दोडामार्गात होता असे त्यातून सिद्ध होत नाही.

रानवाट

अनुक्रम, शेवटच्या वाक्याने माझ्या मांडणीतली चूक नेमकी दाखवली. विषाणूचे वय आणि एखाद्या गावातला त्याचा मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी मी एकत्र केल्या होत्या.

माझ्या मताला आधार होता तो जुन्या रक्ततपासण्यांचा. १९५० च्या दशकात कच्छ आणि सौराष्ट्रातील माणसांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळल्याची नोंद आहे, आणि पुढे अंदमानातही तशी नोंद झाली. तेथे माकडतापाची साथ कधी आली नाही. त्यावरून मी धरले होते की विषाणू किंवा त्याचा एखादा सौम्य भाऊबंद देशभर विखुरलेला असावा.

कडूकिराईत

त्या नोंदी मीही वाचल्या आहेत, पण जपून. डेंगी, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल हे सर्व याच कुळातले विषाणू आहेत आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे एकमेकांच्या चाचण्यांत गोंधळ घालतात. जुन्या पद्धतींत तर अधिकच. त्यामुळे कच्छच्या नोंदीवरून संशय घेता येतो, निर्णय देता येत नाही.

शंकासूर

माकडांविषयीचे माझे म्हणणे मागे घेतो. पण मग रानात जाणाऱ्या माणसाने करायचे काय? भाजावळ आणि काजू बंद करा असे तर कोणी सांगू शकत नाही.

तिलारीकाठ

शंकासूर, आम्ही करतो ते सांगतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजात खोचलेली विजार आणि निघण्यापूर्वी हातापायांना तेल. कर्नाटकात यासाठी डेपा नावाचे तेल वाटतात, ते ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केले आहे. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि साबण लावून आंघोळ. पाल्याच्या ढिगावर बसायचे नाही, हे मुलांना सांगून सांगून थकलो. एप्रिलच्या उकाड्यात चढावर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बोंडू गोळा करणे किती जिवावर येते, हे मात्र सूचना लिहिणाऱ्यांनी एकदा अनुभवावे.

रानवाट, तुमच्या प्रश्नासाठी काल आमच्या वाडीतल्या नव्वदीच्या आजोबांकडे मुद्दाम जाऊन आलो. त्यांच्या लहानपणी किंवा तरुणपणी रानात माकडे अशी मेल्याचे त्यांना आठवत नाही. मात्र त्यांनी लगेच पुढे सांगितले की तेव्हा वरच्या डोंगरावर काजूही नव्हता. तेथे दाट रान होते, माणसे फक्त शिकारीला आणि मधाला जात आणि गुरे खालच्या कुरणातच चरत. काजूची लागवड वर सरकली ती त्यांची मुले मोठी झाल्यावर.

पांजरपोळ

तिलारीकाठ, हे फार महत्त्वाचे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडीच्या बाजूला मोठी साथ आली, तीही काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर. अलीकडच्या नकाशा-अभ्यासांतही असे दिसले आहे की सलग जंगलापेक्षा सदाहरित रान, बागायत आणि गुरे यांची सरमिसळ असलेल्या भागात रुग्ण आढळण्याची शक्यता अधिक असते. आजोबांना आणखी एक विचारता येईल का, की वरच्या काजूच्या बागांमध्ये गुरे सोडायला कोणत्या सुमारास सुरुवात झाली?

तिलारीकाठ

विचारले. ते म्हणाले, तिलारी धरणाचे काम सुरू होऊन खालची कुरणे गेली, त्यानंतर.